सैदात वाचलेली फातिहा

कुवेतमधल्या अहमदीच्या तेल कंपनीच्या ऑफिसात मजीद हमदुले यांचा शब्द शेवटचा असे. पत्राच्या अगदी तळाशी टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात, ती त्यांची. घरात मात्र त्यांचा शब्द पहिला असे. आधी ते बोलत आणि मग अस्मा ठरवत असे.

म्हणून चौसष्ट सालच्या मार्चमध्ये कंपनीने विजेवर चालणारी नवी टाइपरायटरं शिकायला त्यांना तीन आठवडे बैरूतला पाठवायचं ठरवलं, तेव्हा जेवता जेवता मजीदभाई म्हणाले, "मी एकटाच जाणार. ऑफिसचं काम हाय."

अस्माने त्यांच्या ताटात सुरमईची तुकडी वाढली. "बरं. मग ती मोठी बॅग खाली काढा. दोघांचे कपडे तिच्यातच मावतील."

दोघांचे कपडे मावले, पण व्हिसाच्या फोटोत अस्माचे कान मावेनात. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत असा नियम होता आणि दाभोळच्या बाईने परक्या फोटोवाल्यापुढे दोन्ही कान उघडे टाकावेत हे अस्माला मान्य नव्हतं. पहिल्या फोटोत एकही कान नव्हता. दुसऱ्यात डावा आला. कचेरीतल्या माणसाने तो फोटो उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. तिसऱ्या खेपेस उजवाही आला, पण त्या दिवशी कान तपासणारा माणूस रजेवर होता आणि जो हजर होता त्याला फक्त नाकाचे अधिकार होते. चौथ्या खेपेला शिक्का बसला. एका बाईच्या दोन कानांसाठी आपण अहमदी ते कुवेत शहर अशा जाऊन-येऊन आठ फेऱ्या केल्या, हे मजीदभाई पुढे बरेच दिवस ऐकवत असत. अस्मा म्हणे, "कान माझे, फेऱ्या तुमच्या. त्यात काय सांगायचं?"

शेजारचे नझीरभाई कंपनीच्या मेसचे भांडारी होते. हर्णैहून बोटीने कुवेतला आले ते तिथून कुठेच गेले नव्हते, त्यामुळे जगातल्या सर्व देशांबद्दल त्यांची मतं शाबूत होती. निघण्याच्या आदल्या दिवशी ते सल्ला द्यायला आले आणि दीड तास बसले.

"लेबनॉनात भातावरपण तेल ओततात, तवा सुकट घेऊन जा," ते म्हणाले. "रस्त्यात कुणी हसून बोललं तर खिसा धरा. आणि मुख्य गोष्ट. हिंदुस्थानातून आलो असं सांगू नका. कुवेतवरून आलो म्हणा. कुवेत म्हटलं की तिथं दारं उघडतात."

या सगळ्यातला फक्त शेवटचा सल्ला मजीदभाईंनी ऐकला. सुकट नेली असती तर पुढचं काहीही घडलं नसतं असं अस्माचं आजही म्हणणं आहे, कारण त्या वासाला त्या घरात कुणी घेतलंच नसतं.

ऑफिसातून निघताना अशरफ त्यांच्या टेबलाशी आला. अशरफ नकाशे काढणारा. मूळचा लेबनॉनमधल्या सैदा बंदराचा, वय सत्तावीस, सरळ रेघा मारणारा आणि तितकाच सरळ वागणारा. आठ वर्षं दोन टेबलं सोडून बसायचा, पण त्याच्या तोंडून मजीदभाईंनी एकूण पन्नासेक वाक्यं ऐकली असतील. त्याने कापडात शिवलेलं, विटेएवढं पार्सल पुढे केलं.

"माझ्या आईसाठी. नाव रुकय्या. बैरूतहून सैदा तासाभरावर आहे. जमलं तरच."

सोबत त्याने जुन्या गावाचा नकाशाही दिला. व्यवसायाला साजेसा. प्रमाणात काढलेला, उत्तर दिशेचा बाण असलेला. शेवटी एक चौकोन आणि त्यात लिहिलेलं: निळं दार.

बैरूतमध्ये सुट्टी रविवारी. मुंबई सोडल्यापासून मजीदभाईंना रविवारची सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे पहिल्याच रविवारी ते लोकरी सूट आणि टाय चढवून तयार झाले. अस्मा बुरख्यात, पायांत चारचौघांत शोभेल अशी चप्पल. भाड्याच्या मोटारी सुटत त्या चौकात दोघं पोचले तर एक फेरीवाला डोक्यावर परात घेऊन ओरडत होता, "अरूस! अरूस! ताजी अरूस!"

मजीदभाई जागीच थबकले. अरबी त्यांना येत असे. कुवेतच्या वाणी-टॅक्सीवाल्यांकडून घेतलेली असली तरी येत असे, आणि अरूस म्हणजे नवरी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तोंड फिरव," ते अस्माला म्हणाले. "भर चौकात नवऱ्या विकतात इथं."

"परातीतून?" अस्माने विचारलं.

शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने हसू आवरत समजावलं की भाकरीत दही-चीज घालून गुंडाळी केली की इकडे तिलाही अरूस म्हणतात. मजीदभाईंनी दोन घेतल्या. आत पुदिना होता, चव छान होती, आणि लेबनॉनी अरबीतला एक बारकावा आपल्याला न्याहारीलाच उमगला याचं त्यांना समाधान वाटलं. माणसाच्या आयुष्यात अर्धवट ज्ञानाइतकं आत्मविश्वास देणारं दुसरं काही नसतं.

सैदाला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा लागल्या. मग समुद्र, आणि समुद्रात उभा असलेला जुना किल्ला. अस्मा किल्ल्याच्या पुलावर बराच वेळ उभी राहिली. "अगदी अंजनवेलसारखा वास येतो," ती म्हणाली. जाळी वाळत घातलेली, कोळी उन्हात बसून ती दुरुस्त करणारे. मजीदभाईंनी घड्याळ पाहिलं, नकाशा उलगडला आणि गावात शिरले.

नकाशात एकच उणीव होती. ज्या गावाचा तो होता, त्या गावाला वर छप्पर होतं. गल्ल्या इतक्या अरुंद की वरची घरं एकमेकांना टेकलेली, खाली दिवसाढवळ्या अंधार. उत्तरेचा बाण होता, पण उत्तर दिसायला आकाश नव्हतं. साबणाच्या कारखान्याशी डावीकडे वळायचं होतं, तर साबणाचा वास चारही बाजूंनी. त्यात समोरून संत्र्यांनी लादलेलं गाढव आलं. गाढवाने वाट दिली नाही, म्हणून मजीदभाईंनी दिली. ताज्या चुन्याच्या भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले आणि सुटले तेव्हा लोकरी सूट मागून पांढरा झाला होता.

"चालताना वळू नका," अस्माने सुचवलं. "पुढून दिसताय बरे."

आणि निळं दार? तिथे निम्मी दारं निळी होती. होडी रंगवून उरलेला रंग दाराला लावत असावेत. मजीदभाई प्रत्येक निळ्या दाराशी थांबून, बाईमाणसाचं नाव न घेता, "उम्म अशरफ?" म्हणजे "अशरफची आई?" असं विचारत आणि उत्तर आलं नाही की कुवेतच्या पद्धतीने "माकू?" म्हणजे "इथे नाही?" अशी खात्री करून घेत. सैदाच्या लोकांना माकू हा शब्द माहीत नव्हता. एका बाईला तो हरवलेल्या मांजराचं नाव वाटला. ती त्यांच्याबरोबर अर्धी गल्ली "माकू, माकू" करत फिरली.

सातव्या निळ्या दाराशी पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या होत्या. दारात एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा स्वच्छ कपडे घालून वाट पाहत उभा होता. टाय लावलेला पाहुणा आणि बुरख्यातली बाई दिसताच तो दोन पायऱ्या खाली आला.

"मिनल कुवेत?" त्याने विचारलं. कुवेतहून?

नझीरभाईंचा सल्ला आठवला. छाती पुढे काढून मजीदभाई म्हणाले, "मिनल कुवेत!"

"अहलन व सहलन!" म्हाताऱ्याने त्यांचे दोन्ही हात धरले, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आत ओढलं. कुवेत म्हटलं की दारं उघडतात हे खरंच होतं. इतकी उघडतील अशी त्यांची कल्पना नव्हती, एवढंच.

अस्माला बायकांनी हाताला धरून पडद्यापलीकडे नेलं. पार्सलही तिच्याबरोबर आत गेलं. मजीदभाई गादीवर बसले, पाठ भिंतीकडे ठेवून. म्हाताऱ्याचं नाव हाजी खलील. अशरफचे कुणी काका-मामा असावेत, असं मजीदभाईंनी धरलं. भिंतीवर आणखी म्हाताऱ्या एका गृहस्थाचा काळी पट्टी लावलेला फोटो होता. कॉफी आली.

"आम्ही सकाळपासून वाट पाहतोय," हाजी खलील म्हणाले.

अशरफने पत्र टाकून कळवलं असणार, मजीदभाईंनी ताडलं. "रस्त्यात गाढव आडवं आलं," त्यांनी खुलासा केला.

"मुलगा कसा आहे?"

मुलगा म्हणजे अशरफ. आठ वर्षं दोन टेबलांपलीकडे बसणाऱ्या माणसाबद्दल कुणी तरी विचारलं याचा मजीदभाईंना आनंद झाला. त्यांनी कौतुकाला हात मोकळा सोडला. अशरफ सिगारेट ओढत नाही, खोटं बोलत नाही, खरं म्हणजे बोलतच नाही. ऑफिसात वेळेवर येतो. रेघ मारतो तर पट्टीलासुद्धा लाज वाटते. अहमदीत स्वतंत्र खोली आहे, खिडकीला जाळी आहे.

हाजी खलील थक्क होऊन ऐकत होते. "आम्हांला कुणी तरी तो थोडा वयस्क आहे असं सांगितलं होतं."

"कोण म्हणतो? सत्तावीस!"

"सुबहान अल्लाह," हाजी म्हणाले आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला. मग ते पुढे झुकून हळूच म्हणाले, "मग, अरूसबद्दल काय मत?"

इथे मजीदभाईंच्या अर्धवट ज्ञानाने दगा दिला. ते मोकळेपणाने हसले. "अहो, अरूस तर फारच उत्तम! खास तिच्यासाठीच आलो म्हणा ना. तुमच्याकडच्या अरूसची कीर्ती कुवेतपर्यंत पोचलीय."

हाजींचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अल-फातिहा."

आता दाभोळला फातिहा वाचतात ती बहुधा गेलेल्यांसाठी. मजीदभाईंनी भिंतीवरच्या काळ्या पट्टीच्या फोटोकडे पाहिलं आणि त्यांना गलबलून आलं. परक्या देशात, परक्या घरात, आपल्याला वाडवडिलांच्या फातिहात सामील करून घेतलं! त्यांनी हात उचलले आणि लहानपणी मदरशात छड्या खाऊन कमावलेल्या शुद्ध उच्चारांत, खड्या आवाजात फातिहा म्हटली. शेवटी हाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अल्ला तुम्हांला सबर देवो."

त्याच क्षणी आतून बायकांचा उलुलुलु असा गलका उठला. किती हा शोक, मजीदभाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी मान आणखी खाली घातली. तेवढ्यात पडद्यावरून साखरेत घोळलेल्या बदामांची मूठ आली आणि त्यांच्या टकलावर टपटपली.

मयताच्या दुःखात बदाम? मजीदभाईंनी मान वर केली. हाजी खलील रडत नव्हते, हसत होते. शरबताचा तांब्या येत होता. काही तरी चुकतंय, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं.

ते काय, हे कळायला फार वेळ लागला नाही. दारावर काठीची टकटक झाली आणि एक साठीचा, दाढीला मेंदी लावलेला, बोटांत तीन अंगठ्या घातलेला गृहस्थ आत आला. मागे मिठाईचे डबे घेतलेला हमाल आणि मध्यस्थी करणारी खतिजा नावाची बाई. "कुवेतचे पाहुणे आले हो!" ती दारातूनच म्हणाली, आणि गादीवरच्या मजीदभाईंना पाहून तिथेच थांबली.

पुढची पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते आणि त्यातलं मजीदभाईंना कळलं ते एवढं. कुवेतमध्ये मोठा व्यापार असलेल्या एका गृहस्थाकडून हाजींच्या मुलीला, लैलाला, मागणी घालायला आज माणसं येणार होती. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं होतं, कारण कुवेत एवढं नाव पुरेसं वाटलं होतं. तो गृहस्थ हा, स्वतःच आलेला. आणि इकडे सैदात मुलीच्या बापाने आणि वराकडच्याने मिळून फातिहा वाचली की सोयरीक पक्की.

म्हणजे आपण अशरफचं लग्न ठरवलं. पार्सल द्यायला आलो आणि अशरफचं लग्न ठरवलं!

मेंदीवाला काठी आपटत होता. खतिजा मजीदभाईंकडे बोट दाखवून विचारत होती, "हा कोण? याला कुणी पाठवलं?" हाजी खलील पांढरे पडले होते. सगळ्यांनी मजीदभाईंकडे पाहिलं.

मजीदभाई उठले. खरं सांगायचं, माफी मागायची, पार्सल उचलायचं आणि पळायचं, असा त्यांचा सरळ बेत होता. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. चूक दिसली की रबर घ्यायचा.

"सर."

पडद्याआडून मुलीचा आवाज आला. इंग्रजीत, शाळेत घोकलेल्या, एकेक शब्द वेगळा ठेवलेल्या इंग्रजीत. "सर, चूक झाली असं म्हणू नका. प्लीज."

मजीदभाईंनी मेंदीच्या दाढीकडे पाहिलं. मग त्या पडद्याकडे. त्याच्या काठाला चार बोटांनी घट्ट धरलेलं होतं.

त्यांनी टाय नीट केला.

"मी अशरफकडून आलोय," ते म्हणाले, आणि आवाज आपलाच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. "रुकय्याबाईंचा मुलगा. नकाशे काढतो. तुमच्या गावचा. त्याच्या वतीने मी फातिहा वाचली आणि ती मी मागे घेणार नाही."

"रुकय्याचा अशरफ?" हाजी खलील ओरडले. "ती तर मागच्याच गल्लीत राहते! नवरा गेल्यावर शिवण करून पोर शिकवलं तिने!"

"निळं दार," मजीदभाई क्षीण आवाजात म्हणाले.

मेंदीवाल्याने त्यांना अरबीत काय काय म्हटलं ते त्यांना कळलं नाही आणि त्याबद्दल ते अल्लाचे आभारी आहेत. कळला तो फक्त शेवट: तो, खतिजा, हमाल आणि मिठाई अशी चारही माणसं निघून गेली. मिठाई धरून चारच.

समुद्रावर आल्यावर मजीदभाई एका उलट्या होडीवर बसले. "अस्मा," ते म्हणाले, "मी गुन्हा केला. त्या अशरफला न विचारता त्याचं लग्न जमवलं."

अस्माने त्यांच्याकडे पाहिलं. "न विचारता? म्हणजे तुम्हांला ठाऊक नव्हतं?"

"काय ठाऊक?"

"अवो, बायकांनी पार्सल उघडलं तर आत रेशमी कापड आणि सोन्याची अंगठी! मला वाटलं तुमचं नि अशरफचं ठरलंय आणि नेहमीसारखं घरी सांगायचं राहिलं. ती अंगठी मी माझ्या हातांनी घातली पोरीला!"

रुकय्याबाईंच्या दाराशी जायचं धैर्य दोघांनाही झालं नाही. हाजी खलील एव्हाना तिथे पोचले असतील हे दोघांना माहीत होतं. पहिली मिळाली त्या मोटारीने ते बैरूतला परतले. उरलेले चौदा दिवस मजीदभाईंनी विजेच्या टाइपरायटरवर जेवढ्या चुका केल्या तेवढ्या साऱ्या नोकरीत केल्या नव्हत्या. शिकवणाऱ्या इंग्रजाने शेरा मारला: मन स्थिर नाही.

अहमदीत परतले तेव्हा अशरफच्या टेबलावर सैदाचा शिक्का मारलेलं पत्र पडलेलं होतं. उघडलेलं. अशरफने मान वर केली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. मजीदभाई कॅन्टीनला गोदामाच्या मागून वळसा घालून जाऊ लागले. नझीरभाईंनी या वेळीही सल्ला दिला: "काही दिवस सुलैबियाला माझ्या भाच्याकडे राहा. तो अशरफ रोज हातात पोलादी पट्टी घेऊन हिंडतो, लक्षात ठेवा."

शुक्रवारी दुपारी दारावर थाप पडली. मजीदभाईंनी फटीतून पाहिलं. अशरफ. हातात पट्टी नव्हती, पत्र होतं.

"या," ते म्हणाले आणि खुर्ची मधे येईल अशा बेताने मागे सरले. "अशरफ, मी काय सांगू, ते गाढव, ती उत्तर दिशा..."

"ती अंगठी आईसाठी होती," अशरफ म्हणाला. "आईच्या बोटाच्या मापाने करून घेतलेली."

"मी भरून देईन. हप्त्याने."

अशरफने ते ऐकलंच नाही. तो अस्मासमोर मोडक्या स्टुलावर बसला. कान लाल झाले होते. "आई लिहिते, मुलगी चांगली आहे. पण आई सगळ्यांनाच चांगली म्हणते. हमदुले साहेबांनी तिला पाहिलेलं नाही." त्याने पत्राची घडी उलटी घातली, सुलटी घातली. "तुम्ही पाहिलंय, सिस्टर."

अस्माने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि ओढणी सारखी करून बसली. तिचं अरबी नवऱ्याहून कमी होतं, इंग्रजी त्याहून कमी. मजीदभाई वाक्यावाक्याचा तर्जुमा करू लागले. टाइप करताना करत तसा, स्वतःचं काही न घालता.

"उंच हाय. भुवईवर लहानपणीचा वण हाय," अस्मा म्हणाली. "बायका सगळ्या हसत होत्या तवा ती हसली नाय. सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटीच हसली. अंगठी ढिली झाली, निसटून खाली पडली. बायका म्हणाल्या, सोनाराकडे देऊ. ती म्हणाली, नको. भरतकाम करत होती, त्यातला दोरा तोडला, दातांनी. अंगठीवर गुंडाळला, दहा-बारा वेढे, आणि घातली बोटात. मग हात झटकून बघितला. पडली नाय."

मजीदभाईंचा तर्जुमा संपला. अशरफचा चहा तसाच होता.

"दोरा," त्याने विचारलं, "कुठल्या रंगाचा होता?"

मजीदभाईंनी अस्माकडे पाहिलं, अस्माने मजीदभाईंकडे. मग मजीदभाई उठले, कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या टाइपरायटरवरचं कापड बाजूला केलं आणि अशरफच्या रजेच्या अर्जासाठी कोरा कागद आत सरकवला.